गिऱ्हान सुटला का जी?

२०२२ सालच्या दिवाळीत गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याला सूर्य ग्रहणातच मावळला. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले होते. २५ तारखेला पाचच्या सुमारास सूर्याची कड कुणीतरी नखाने खरवडावी तशी दिसू लागली, आणि ती खोक तशीच घेऊन तो धानाच्या बांध्यांपलीकडे, रानामागे गेला. पाडवा एक दिवस पुढे सरकला आणि गोवाऱ्यांचा गाईंचा सण, गायगोधन, तोही त्याच्याबरोबर थांबला. सूर्य असा ग्रहणासह मावळला, की पंचांग त्याला ‘ग्रस्तास्त’ म्हणते.

चौदा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमा होती आणि खेळ उलटा झाला. चंद्र साडेपाचच्या सुमारास उगवला तोच ग्रहण घेऊन. हा ‘ग्रस्तोदय’. एकाच पंधरवड्यात एक धरलेला मावळला आणि एक धरलेला उगवला.

त्या संध्याकाळी मी कुरखेड्यात एका ओळखीच्या घरी ओट्यावर बसलो होतो. घरात सकाळपासून वेध पाळले जात होते. चूल थंड होती, पाण्याच्या गुंडावर तुळशीचे पान होते. आतल्या खोलीत घरची सून होती, सातव्या महिन्यातली. तिला बाहेर यायची, काही चिरायची, शिवायची मनाई होती. आजी दर पाच-दहा मिनिटांनी दारापर्यंत यायच्या आणि आकाशाकडे न बघता मला विचारायच्या, ‘‘गिऱ्हान सुटला का जी?’’

या प्रकरणात मला त्या प्रश्नाविषयी लिहायचे आहे. आजींनी ‘संपला का’ असे विचारले नव्हते, ‘गेला का’ असेही नाही. त्यांचे क्रियापद होते ‘सुटणे’. ग्रहण या शब्दाचा सगळा जुना अर्थ त्या क्रियापदात जिवंत आहे.

लागते आणि सुटते

आकाशातल्या घटनांसाठी मराठीने साधी क्रियापदे ठेवली आहेत. सूर्य उगवतो, चंद्र वाढतो, तारा तुटतो, पाऊस पडतो. ग्रहण मात्र ‘लागते’. आणखी काय काय लागते, ते आठवून पाहा: भूत लागते, दृष्ट लागते, वेड लागते, नाद लागतो, धानाला कीड लागते, आषाढात झड लागते. या सगळ्यांत बाहेरून काहीतरी येते आणि चिकटते. ज्याला लागते त्याचा त्यात काही दोष नसतो, पण इलाजही नसतो.

जे लागते ते सुटावे लागते. गाठ सुटते, दावे सुटते, कैदी सुटतो. मराठीची गंमत अशी, की दोरीही सुटते आणि गायही सुटते. बांधणारा आणि बांधलेला दोघांनाही एकच क्रियापद. म्हणून ‘ग्रहण सुटले’ आणि ‘चंद्र सुटला’ ही दोन्ही वाक्ये आपण एकाच दमात बोलतो आणि त्यांत फरक करत नाही.

प्रमाण मराठीतला ‘ग्रहण’ हा संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला शब्द. खेड्यापाड्यांत त्याचे ‘गिऱ्हाण’ झाले. कुरखेडा, आरमोरी, वडसा या झाडीपट्टीत ‘ण’ टिकत नाही, त्याचा ‘न’ होतो. ‘ळ’चा ‘र’ होतो. पाणी ‘पानी’ होते, केळ ‘केर’ होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ज्या झाडीबोलीचा अभ्यास आयुष्यभर केला, तिची ही अगदी ठळक खूण. त्या नियमाने गिऱ्हाणाचे ‘गिऱ्हान’ झाले. याच शब्दाचे आणखी एक मराठी रूप आहे, घराघरात बोलले जाणारे. पण ते ग्रहणाच्या नात्यातले आहे, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

धरणाऱ्याचे कुळ

‘ग्रहण’ हा शब्द ‘ग्रह्’ या धातूपासून आला. ऋग्वेदात त्याचे जुने रूप ‘ग्रभ्’ असेही आढळते. अर्थ एकच: धरणे, पकडणे, हातात घेणे. म्हणजे ग्रहण या शब्दात अंधार नाही, सावली नाही, सूर्यही नाही. आहे ती फक्त पकड.

हे कुळ मराठीत किती पसरले आहे, ते बाजारात उभे राहिले तरी कळते. दुकानासमोरचे ‘गिऱ्हाईक’ हे मूळचे ‘ग्राहक’, म्हणजे घेणारा. उन्हाळ्यात घराघरांत मोहफुलांचा होतो तो ‘संग्रह’. पंगतीत पानावर जिलबी आदळते तो ‘आग्रह’. मन घट्ट धरून ठेवले की ‘निग्रह’, गुरूने डोक्यावर हात ठेवला की ‘अनुग्रह’, आणि कुणाबद्दल न भेटताच मत धरून बसलो की ‘पूर्वग्रह’. लग्नात वराने वधूचा हात धरला की ‘पाणिग्रहण’. सत्य धरून बसायचे ठरवले की ‘सत्याग्रह’. १९३० साली विदर्भातल्या लोकांनी राखीव रानातले गवत कापून केलेला जंगल सत्याग्रह याच धातूचा. पोटाने अन्न धरून ठेवायचे सोडले की वैद्य ‘संग्रहणी’ म्हणतात, कारण आयुर्वेदात अन्न धरून ठेवणाऱ्या अवयवाचे नावच ‘ग्रहणी’ आहे.

यातला एक नातेवाईक दूरच्या वाटेने आला. फारसीत पकडण्याला ‘गिरिफ्तन’ म्हणतात. तो धातू आणि आपला ‘ग्रभ्’ हे एकाच आजीचे नातू. इराणी आणि भारतीय भाषा एकत्र होत्या तेव्हाचे. फारसीतून मराठीत शब्द आला ‘गिरफ्तार’. पोलिसाने चोर गिरफ्तार केला आणि राहूने चंद्राला ग्रहण लावले, या दोन वाक्यांत धातू एकच आहे. इराणात आजही सूर्यग्रहणाला ‘खुर्शीद-गिरिफ्तगी’ म्हणतात: सूर्याची धरपकड.

आधी राहू, मग ग्रह

आकाशातला पकडणारा कोण, याचे जुने उत्तर ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात आहे. तिथे स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो आणि अत्री ऋषी त्याला शोधून परत आणतात. त्यानंतरच्या काळात स्वर्भानू मागे पडला आणि राहू पुढे आला. राहू हे नावही ‘रभ्’ म्हणजे पकडणे या धातूपासून आले, असे अनेक अभ्यासक मानतात. समुद्रमंथनानंतर अमृत चोरून पिणारा, विष्णूने मुंडके उडवलेला आणि चुगली करणाऱ्या सूर्य-चंद्रांवर डूख धरलेला तो हाच.

‘ग्रह’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘धरणारा’. आज आपण मंगळ-गुरूंना ग्रह म्हणतो तेव्हा हा अर्थ मनातही येत नाही. पण लहान मुलांना ‘धरणाऱ्या’ बाधांना आयुर्वेदात ‘बालग्रह’ म्हणतात आणि तिथे जुना अर्थ स्पष्ट दिसतो. आकाशात या नावाला सगळ्यात शोभणारा राहू होता, कारण तो खरोखर काहीतरी धरताना दिसत असे. हे नाव फिरत्या ज्योतींनाही लागले, कारण त्या माणसाचे नशीब धरतात अशी समजूत होती. ग्रीकांनी त्याच ज्योतींना ‘भटके’ म्हटले. इंग्रजीतला ‘प्लॅनेट’ म्हणजे भटक्या. त्यांना दिसली चाल, आपल्याला जाणवली पकड.

गाडी इथेच थांबली नाही. नवग्रहांत सूर्य आणि चंद्रही बसले. म्हणजे ज्यांना धरले जाते ते आणि त्यांना धरणारे राहू-केतू एकाच ओळीत, एकाच नावाने. देवळाच्या नवग्रहांत चोर आणि फिर्यादी शेजारी शेजारी उभे असतात.

केतूची कथा वेगळी आहे. केतू म्हणजे ध्वज, निशाण. शेपटीच्या ताऱ्याला आपण अजून ‘धूमकेतू’ म्हणतो, त्यात तो अर्थ शिल्लक आहे. राहूचे धड म्हणून त्याची नेमणूक नंतरची. गणितात मात्र दोघांनाही अगदी नेमकी जागा मिळाली. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला सुमारे पाच अंश कललेली आहे. या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन बिंदूंना ‘पात’ म्हणतात: एक राहू, दुसरा केतू. अमावस्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ पडली तरच ग्रहण होते, एरवी चंद्र थोडा वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून दर महिन्याला ग्रहण नाही. हे बिंदूही स्थिर नाहीत. ते उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत एक फेरी करतात. पंचांगातला राहू नेहमी वक्री का असतो, याचे उत्तर इतके साधे आहे.

घास

पकडणारा तोंडाचा असेल, तर पुढची पायरी खाण्याची. ‘ग्रास’ म्हणजे घास; मराठी ‘घास’ हा त्याचाच पोर. सूर्य किंवा चंद्र पुरता गिळला की खग्रास, तुकडा गिळला की खंडग्रास. सूर्याभोवती प्रकाशाची कडी उरली की मात्र भाषेची भूक मरते आणि ती दागिन्याकडे वळते: कंकणाकृती.

पंचांगकर्त्यांनी ग्रहणाचे पाच क्षण ठरवले आहेत. छाया बिंबाला भिडते तो ‘स्पर्श’. बिंब पूर्ण बुडते ते ‘संमीलन’, म्हणजे डोळे मिटणे. मग ‘मध्य’. पुन्हा पहिला किरण दिसतो ते ‘उन्मीलन’, डोळे उघडणे. आणि छाया शेवटची सुटते तो ‘मोक्ष’. ७ सप्टेंबर २०२५च्या रात्रीचे चंद्रग्रहण ज्यांनी पाहिले त्यांना हे पाचही मिळाले: ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श, ११ला संमीलन, मग मध्य, १२ वाजून २२ मिनिटांनी उन्मीलन, १ वाजून २६ मिनिटांनी मोक्ष. चंद्र ८२ मिनिटे तांब्याच्या रंगाचा होऊन डोळे मिटून होता.

तत्त्वज्ञानातला सगळ्यात उंच शब्द इथे घड्याळाच्या काट्यावर येऊन बसला आहे, याचे नवल वाटते. पण मोक्ष म्हणजे तरी काय, सुटणेच. आजींचे ‘सुटला का’ आणि पंचांगाचा ‘मोक्ष’ एकच गोष्ट विचारतात.

म्हणूनच ग्रस्तास्त ही परंपरेला मोठी अडचण होती. सूर्य धरलेलाच मावळला तर तो सुटला हे कुणी पाहिले? धर्मशास्त्राने नियम केला, की दुसऱ्या दिवशी शुद्ध बिंब उगवलेले पाहावे आणि मगच जेवावे. गणिताने मोक्षाची वेळ आधीच कळत होती. तरी सुटका डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खरी धरायची नाही, असे ठरले.

सोडून गेलेला सूर्य

सगळ्याच भाषांना पकड दिसली असे नाही. इंग्रजीतला ‘इक्लिप्स’ ग्रीकमधून आला. ‘एक्लाइपसिस’ म्हणजे सोडून जाणे, हजर न राहणे. ग्रीक माणसाच्या शब्दात सूर्याला कुणी धरलेले नाही. सूर्यच आपल्याला टाकून निघून गेला आहे. या शब्दावरून त्यांनी सूर्याच्या वार्षिक वाटेचे नाव ठेवले ‘इक्लिप्टिक’, म्हणजे जिथे ग्रहणे होतात ती रेषा. आपण तिला क्रांतिवृत्त म्हणतो. क्रांती म्हणजे ओलांडणे, पाऊल टाकणे.

चिनी भाषेत सूर्यग्रहणाचा शब्द दोन अक्षरांचा आहे आणि त्याचा अर्थ ‘सूर्य खाणे’. जर्मन नुसते ‘सूर्य-अंधार’ म्हणतात. म्हणजे एकच घटना आणि चार तऱ्हा: अंधार झाला, कुणी खाल्ले, तो सोडून गेला, त्याला धरले.

या शब्दांनी माणसांचे वागणेही ठरते. जो सोडून गेला आहे त्याची वाट बघण्याखेरीज काही करता येत नाही. पण ज्याला धरले आहे, त्याला सोडवता येते. आवाज करता येतो, पाण्यात उभे राहून जप करता येतो, आणि धरणाऱ्याला काहीतरी देऊन त्याची मूठ उघडता येते. हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे.

सूर्य गहाण

आता ते राहून गेलेले रूप. संस्कृत ‘ग्रहण’ प्राकृतात ‘गहण’ झाले आणि मराठीत ‘गहाण’. होय, सावकाराकडे पाटल्या ठेवतात ते गहाण. ग्रहण आणि गहाण हे वेगळे शब्द नाहीत. एकच शब्द दोन दारांनी मराठीत आला. एक पोथीच्या दाराने, ‘ग्र’ शाबूत ठेवून; दुसरा बोलीच्या दाराने, झिजून. पोथीतला आकाशात गेला, बोलीतला तिजोरीत. दोघांच्याही मागे क्रियापद मात्र एकच राहिले: गहाण ‘सोडवतात’, ग्रहण ‘सुटते’.

हा शब्दांचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पण मध्य भारतातल्या रानांत सांगितल्या जाणाऱ्या कथा नेमके हेच सांगतात. व्हेरियर एल्विन यांनी १९४९ साली ‘मिथ्स ऑफ मिडल इंडिया’ या ग्रंथात गोंड, बैगा आणि त्यांच्या शेजारच्या जमातींच्या कथा छापल्या. त्यांत ग्रहणाचे कारण पुन्हा पुन्हा एकच येते: सूर्य आणि चंद्र कर्जात आहेत. कुठे त्यांनी स्वतः उसने घेतले, कुठे ते माणसांच्या कर्जाला जामीन राहिले. कर्ज फिटत नाही, धनको वसुलीला येतो आणि त्यांना धरतो. ग्रहण म्हणजे आकाशातली जप्ती.

ज्या मुलखात धानाच्या पिकावर आधीच सावकाराचे नाव असे, तिथे ही कथा रुजावी यात आश्चर्य नाही. कर्ज काय करते ते या माणसांनी रोज पाहिले होते. एक दिवस कुणीतरी येतो आणि उजेडाची वस्तू घेऊन जातो. राहूची कथा चोरीची आहे. ही कथा कर्जाची. चोरीत सूर्य-चंद्र फिर्यादी असतात, कर्जात ते आपल्यासारखेच देणेकरी होतात. मला ही दुसरी कथा जास्त माणसाळलेली वाटते.

या कथांतला धनको बहुतेक वेळा गावकुसाबाहेरचा असतो. जमातीगणिक त्याची जात बदलते. महाराष्ट्रात हाच धागा मांग समाजाशी जोडला गेला. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड छापले. राहू आणि केतू हे मांग होते, ही समजूत त्यांनी नोंदवली आहे. म्हणून ग्रहण लागले की ‘दे दान, सुटे गिऱ्हाण’ अशी हाळी गावागावांतून उठे. दान घेणारा आपल्या पूर्वजाच्या वतीने कर्जाचा हप्ता वसूल करी आणि देणारा सूर्य सोडवून घेई. घरोघरचे धान्य आणि जुने कपडे बाहेर येत.

या व्यवहाराचा हिशेब मात्र सरळ नव्हता. वर्षभर ज्याची सावली टाळायची, त्याच्या हातात काही तास सूर्याची किल्ली द्यायची आणि ग्रहण सुटले की स्नान करून ती परत काढून घ्यायची. ग्रहणाचा विटाळ ज्या कपड्यांना लागला असे मानले, तेच कपडे त्याला द्यायचे. कथेत धनको तो होता, गावात देणेकरीही तोच. ही हाळी आता विरळ झाली. ज्यांनी ती सोडली त्यांनी नुसती भीक नव्हे, ती नेमून दिलेली जागाच सोडली. गहाण पडलेले काहीतरी तिथे खरेच सुटले.

सावलीचा शब्द

पकडीची कथा चालू असतानाच दुसरा एक शब्द शांतपणे आपले काम करत होता: छाया. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने ‘आर्यभटीय’ लिहिले आणि त्यात स्वच्छ सांगितले, की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली झाकते. झाकणारा तो छादक, झाकला जातो तो छाद्य. या जोडीत राहूला काम उरत नाही. तरी पंचांगाने दोन्ही वह्या ठेवल्या: वेळ काढायची छायेच्या गणिताने आणि नाव ठेवायचे पकडीचे.

गणित सोपे आणि सुंदर आहे. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे सूर्य चारशे पट मोठा. पण सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजारांवर. म्हणजे सूर्य तितकाच, जवळजवळ चारशे पट, दूर. म्हणून दोघे आकाशात सारखेच दिसतात आणि इवलासा चंद्र सूर्याला पुरता झाकू शकतो. ज्या दिवशी हे घडते त्या दिवसाचे नाव मात्र पकडीचे नाही आणि सावलीचेही नाही. ‘अमा’ म्हणजे एकत्र, ‘वास्या’ म्हणजे राहणे. अमावस्या म्हणजे सूर्य-चंद्र एका घरी राहिल्याची रात्र.

विदर्भाने या सावलीचा सगळ्यात नामांकित प्रवास पाहिला तो २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या दिवशी खग्रासाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागला, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात शिरला आणि पुढे शहडोल, बक्सरकडे गेला. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रे घेऊन उभे होते. वर्धा नदीकाठच्या पुलगावला इंग्रज शास्त्रज्ञांचा तळ होता आणि तिथून जवळच रेल्वेमार्गावरच्या तळणीला ॲनी माँडर या खगोलनिरीक्षक बाईंनी सूर्याच्या प्रभामंडलाचा लांबच लांब किरण छायाचित्रात पकडला. पकडला, हेच क्रियापद. त्या वेळी पट्ट्याच्या बाहेर असलेल्या कुरखेड्याच्या रानात सूर्याची बारीक कोर उरली असणार.

विजयदुर्गावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’ची गोष्ट इथे सरळ करून घ्यायला हवी. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८चे ग्रहण तिथून पाहिले आणि हेलियम शोधला, असे सांगितले जाते. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते. ते ग्रहण गुंटूरहून पाहिले ते फ्रान्सच्या पियेर जानसेन यांनी. लॉकियर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, १८९८च्या ग्रहणाला. तोवर हेलियमला सूर्याचे ग्रीक नाव, ‘हेलिओस’, मिळून बरीच वर्षे झाली होती आणि १८९५ साली तो पृथ्वीवरही सापडला होता.

११ ऑगस्ट १९९९ला सावली पुन्हा विदर्भावरून गेली. गुजरातेतून शिरून ती दिवस मावळता मावळता आंध्रच्या किनाऱ्याकडे उतरली. पण श्रावण तोंडावर होता. बहुतेक ठिकाणी लोकांनी सूर्याऐवजी ढगच अंधारताना पाहिले. आता भारतातून खग्रास दिसेल असे पुढचे सूर्यग्रहण २० मार्च २०३४चे, तेही लडाखच्या बाजूला.

परातीतले मुसळ

त्रिपुरी पौर्णिमेच्या त्या संध्याकाळी आजींनी परातीत पाणी घालून मुसळ उभे केले होते. ग्रहण असेपर्यंत ते आपले आपण उभे राहते आणि ग्रहण सुटले की पडते, अशी सार्वत्रिक समजूत आहे. मुसळ खरेच उभे होते. त्याचे कारण असे, की मुसळाचे बूड सपाट असते, लोखंडी वसवीने जड झालेले असते, आणि हलक्या हाताने तोल साधला की ते कोणत्याही मंगळवारी उभे राहते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळांतून हे करून दाखवतात. मी आजींना तसे म्हणालोही. त्या म्हणाल्या, ‘‘मंग रोज कोन उभा करून पाह्यते जी?’’ त्यांचे बरोबर होते. ग्रहणाशिवाय कुणी करून पाहत नाही, म्हणूनच समज टिकतो.

मुसळाने कुणाचे नुकसान होत नाही. आतल्या खोलीचे तसे नाही. ग्रहणात गर्भवतीने काही चिरले तर मुलाचा ओठ फाटतो, असे मानतात. पोटातल्या बाळाचा वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो. आपल्याला दिवस गेले आहेत हे कित्येक बायांना तेव्हा नीट ठाऊकही नसते. जुळायचा राहिला तर कारणे आनुवंशिक असतात, पोषणाची असतात, धूम्रपानाची असतात, आणि शस्त्रक्रियेने ओठ जोडता येतो. त्या खोलीतल्या बाळाचा ओठ श्रावणाच्या आधीच जुळला होता. त्रिपुरी पौर्णिमेला त्याला विळीची भीती नव्हती. त्याला गरज होती ती आईच्या पोटात सकाळपासून न गेलेल्या दोन घासांची.

आकाशात पकड नाही, हे आर्यभटाला दीड हजार वर्षांपूर्वी कळले होते. तिथे फक्त सावली सरकते. काही धरले जात नाही, म्हणून काही सुटतही नाही. धरण्या-सुटण्याचा सगळा व्यवहार खाली, ओट्याच्या या बाजूला चालतो. या शब्दाने आकाशाबद्दल चुकीचे सांगितले, पण आपल्याबद्दल फार नेमके सांगितले.

सहा वाजून एकोणीस मिनिटांनी सावलीची शेवटची कड चंद्रावरून उतरली. आजी दारात आल्या. त्यांनी विचारले आणि मी म्हणालो, ‘‘सुटला.’’ मग न्हाणीत पाणी तापले, चूल सारवली गेली, भात चढला. सून न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून ओट्यावर आली तेव्हा सात वाजून गेले होते. तिने वर पाहिले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘कसा दिसत होता जी?’’

मी सांगायला लागलो, पण दाखवण्यासारखे काही उरले नव्हते. वर नुसती पौर्णिमा होती.